तुंबाड : उपपात्रांची शोकांतिका

‘तुंबाड’ हा राही अनिल बर्वे दिग्दर्शित हिंदी भयपट (२०१८). नारायण धारप (१९२५–२००८) यांची एक भयकथा बर्वे यांनी १९९३ मध्ये विदर्भातील नागझिरा अभयारण्यात मित्राकडून ऐकली. तिने चित्रपटाचे बीज पेरले. शीर्षक श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून घेतलेले आहे. चित्रीकरणापूर्वी बर्वे यांनी सुमारे ७०० पानांचा चित्रफलक तयार केला होता.

१९१८ ते १९४७ या काळात घडणाऱ्या कथेचा नायक विनायक. मात्र त्याच्या लोभाची पहिली किंमत इतर पात्रे मोजतात. धाकटा भाऊ सदाशिव झाडावरून पडून बालपणीच दगावतो. खजिना राखणाऱ्या हस्तर या भुकेल्या दैवताच्या स्पर्शामुळे शापित म्हातारीला मरण येत नाही. अनेक वर्षांनंतर विनायक तुंबाडला परततो, तेव्हा तिच्या देहातून झाड उगवलेले असते. खजिन्याचे रहस्य सांगण्याच्या बदल्यात ती मुक्ती मागते आणि विनायक तिला जाळतो. विनायकच्या सोन्याच्या उगमाचा शोध घेणारा सावकार राघव हस्तराच्या तावडीत सापडतो आणि त्याचीही सुटका आगीनेच होते.

हे मृत्यू केवळ धक्का देण्यासाठी नाहीत. हस्तर धनाचा आणि अन्नाचा लोभी, म्हणून धान्याला मुकलेला; कणकेच्या बाहुलीवर तो तुटून पडतो. त्याच भुकेची लागण प्रत्येक पात्राला होते. अखेर विनायकच शापित होतो आणि मुलगा पांडुरंग सोने नाकारून त्याला अग्नी देतो. या नकारामुळे आधीच्या सर्व बळींना अर्थ मिळतो.