नॉर्वेजियन सामासिक शब्द आणि एका देशाची भाषा

मागच्या व्याख्यानात आपण १८१४ सालापाशी थांबलो होतो. चारशेहून अधिक वर्षं डेन्मार्कशी बांधलेल्या नॉर्वेने त्या वर्षी १७ मे रोजी स्वतःची राज्यघटना स्वीकारली. घटनेला शब्द वापरला ‘ग्रुनलोव’. ‘ग्रुन’ म्हणजे पाया, ‘लोव’ म्हणजे कायदा. संसदेचं नाव ‘स्टोर्टिंग’. ‘स्टोर’ म्हणजे मोठं आणि ‘टिंग’ म्हणजे न्यायनिवाड्यासाठी भरणारी प्राचीन लोकांची सभा. पण गंमत बघा, हेच दोन शब्द सुटे लिहिले, तर अर्थ होतो ‘मोठी वस्तू’! म्हणजे संसद आणि वस्तू यांच्यात फरक केवळ जोडण्याचा.

बोलताना हा फरक आघाताने कळतो. सुट्या शब्दांत दोन्हींवर जोर पडतो. समासात मुख्य जोर बहुधा पहिल्या पदावर येतो. लिंग आणि अनेकवचन मात्र शेवटचं पद ठरवतं. मध्ये कधी ‘स’ येतो, कधी ‘ए’. ‘शिप’ म्हणजे जहाज, ‘शिप्सरेदेर’ म्हणजे जहाजाचा मालक. आपल्या षष्ठी तत्पुरुषात ‘चा’ गळून पडतो, इथे मात्र षष्ठीची खूण असलेला ‘स’ मधेच टिकून राहिला आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. देश वेगळा झाला, पण लिहिण्याची भाषा डॅनिशच राहिली. मग नॉर्वेजियन म्हणायचं कशाला? शेतकऱ्याचा मुलगा ईवार ओसेन १८४२ पासून गावोगाव फिरला, बोली गोळा केल्या, १८४८ मध्ये व्याकरण आणि १८५० मध्ये शब्दकोश काढला. शिक्षक क्नुद क्नुदसेन याने डॅनिश लेखनच हळूहळू नॉर्वेजियन उच्चाराकडे वळवायचा मार्ग धरला. त्याचा परक्या शब्दांना देशी पर्याय सुचवणारा मोठा कोश १८७९ ते १८८१ या काळात निघाला. वाटा वेगळ्या, पण परका शब्द घेण्याआधी घरचे शब्द जोडून पाहावेत, हा आग्रह दोघांचाही. १८८५ मध्ये संसदेने ओसेनच्या भाषेला डॅनिश वळणाच्या भाषेच्या बरोबरीचा दर्जा दिला.

अर्थात देशी दिसणारा प्रत्येक समास देशी कल्पनेचा नसतो. ‘बार्नेहागे’, म्हणजे मुलांची बाग, ही बालवाडी जर्मन शब्दावर बेतलेली आहे. विटा घरच्या, आराखडा शेजाऱ्याचा.

आज तिथल्या भाषाप्रेमींची तक्रार आहे, की लोक समास तोडून लिहितात. दोष बहुधा इंग्रजीला दिला जातो. ‘रॉयकफ्रित’ या पाटीचा अर्थ ‘धूम्रपानमुक्त’. तोच शब्द तोडला, की पाटी सांगते, ‘खुशाल ओढा’!

शेवटी एक बारकावा. ‘बुस’ या शब्दाच्या शेवटी रोमन लिपीत दोन ‘एस’ असतात आणि ‘स्तोप’च्या सुरुवातीला एक. समासात तीन लिहीत नाहीत, दोनच ठेवतात. पण ओळीच्या शेवटी शब्द तोडावा लागला, की गळलेला तिसरा ‘एस’ परत लिहायचा. कारण तोडायचं ते पदांच्या सांध्यावर, आणि तिथे दोन्ही पदं पूर्ण दिसायला हवीत. शब्द एक झाला, तरी त्यातली पदं आपली ओळख सोडत नाहीत. १८८५ नंतर या दोन लेखनभाषांचं पुढे काय झालं, ते पुढच्या व्याख्यानात पाहू.