दार, घड्याळ आणि कुलूप : पडद्यावरील हिंसा व मुंबईतील मुले

१/ २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शनचे प्रसारण सुरू झाले. चित्रपटगृहाच्या दारावर मुलांना अडवता येत असे. घरातल्या पडद्याला असे दारच नव्हते. मग पडद्यावरील हिंसेपासून मुलांना सांभाळायचे कोणी? मुंबईत हा प्रश्न दूरचित्रवाणीहून जुना आहे.

२/ त्याचा एक धागा मानखुर्दला पोहोचतो. १९२४ साली मुंबई बालक अधिनियम आला आणि १९२७ मध्ये 'चिल्ड्रन्स एड सोसायटी' स्थापन झाली. मानखुर्दचे बालगृह हीच संस्था चालवते. या व्यवस्थेमागील धारणा साधी होती : मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे. त्याच्या वर्तनाचा विचार करताना घर आणि भोवतालही पाहिला पाहिजे.

३/ त्याच १९२७ साली सरकारने टी. रंगाचारी यांच्या अध्यक्षतेखाली चित्रपट चौकशी समिती नेमली. सिनेमाचा समाजावर काय परिणाम होतो, याविषयी मुंबईसह अनेक शहरांत साक्षी झाल्या. पुढे १९४९ मध्ये चित्रपटांना 'यू' आणि 'ए' अशी दोन प्रमाणपत्रे मिळू लागली. पहिला पहारा अशा रीतीने चित्रपटगृहाच्या दारावर बसला.

४/ या वर्गवारीला ख्वाजा अहमद अब्बास यांनी आव्हान दिले. १९७० मध्ये सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी ती वैध ठरवली. कारण असे, की मुले पडद्यावरच्या घटनेवर प्रौढांपेक्षा सहज विश्वास ठेवतात, ती लक्षात ठेवतात आणि तिचे अनुकरण करू पाहतात.

५/ याला प्रयोगाचा आधारही होता. १९६३ मध्ये अमेरिकेत अल्बर्ट बांडुरा आणि सहकाऱ्यांनी लहान मुलांना एका बाहुलीला मारहाण होत असल्याची चित्रफीत दाखवली. ती पाहिलेली अनेक मुले तसेच वागली. १९६५ च्या प्रयोगात मारणाऱ्याला शिक्षा झालेली पाहिलेल्या मुलांनी अनुकरण कमी केले. मात्र बक्षीस देऊ करताच तीही ती कृती करून दाखवू लागली. म्हणजे शिकणे आणि करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

६/ १९८८ मध्ये गोविंद निहलानी यांच्या 'तमस' मालिकेवरून प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्ती लेंटिन आणि सुजाता मनोहर यांनी मालिका स्वतः पाहिली आणि प्रसारणावरील स्थगिती उठवली. सर्वोच्च न्यायालयानेही प्रसारण रोखले नाही. त्यासाठी वापरलेली कसोटी नागपूरच्या न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांची होती : परिणाम मोजायचा तो विवेकी आणि खंबीर माणसाच्या नजरेने. अभिव्यक्तिस्वातंत्र्यासाठी ही कसोटी मोलाची ठरली. पण घरातल्या पडद्यासमोर सहा वर्षांचे मूलही बसलेले असते.

७/ केबल आल्यावर १९९४ च्या नियमांनी त्या मुलाची दखल घेतली. मुलांच्या कार्यक्रमांत उघड हिंसा नसावी. मुले सर्वाधिक संख्येने पाहत असतात त्या वेळी अयोग्य कार्यक्रम दाखवू नयेत. दाराच्या जागी घड्याळ आले.

८/ १९९७ मध्ये 'शक्तिमान' सुरू झाली. नायक वाचवायला येईल या विश्वासाने मुलांनी जीव धोक्यात घातल्याच्या बातम्या आल्या. मुकेश खन्ना यांनी मालिकेवरील आरोप नाकारले. पण या वादाने एक गोष्ट लख्ख केली : मुलाला धोका केवळ क्रूर दृश्यातून नसतो, पडद्यावरील भाबड्या विश्वासातूनही असतो. अशा मुलाला घड्याळ वाचवत नाही. शेजारी बसून 'हे खोटे आहे' असे सांगणारे माणूस लागते.

९/ हिंसक दृश्यांचा परिणाम किती मोठा आणि किती काळ टिकणारा, यावर संशोधकांत आजही मतभेद आहेत. घरातली मारहाण, वस्तीतली दहशत आणि पडदा यांचे धागे वेगळे काढणे अवघड असते.

१०/ मोबाइलने घड्याळही निकामी केले. २०२१ च्या नियमांनी ओटीटीसाठी वयोगट आणि पालकांच्या हातचे कुलूप आणले. दार, घड्याळ, कुलूप : प्रत्येक टप्प्यावर जबाबदारी घराकडे सरकत गेली.

११/ मात्र ज्या मुलाच्या घरात कुलूप लावायला कोणी नाही, त्याचे काय? मानखुर्दचे बालगृह ज्या व्यवस्थेतून उभे राहिले, तिने १९२४ सालीच उत्तर दिले होते : पालक नसेल, तेथे समाज पालक होतो. पडद्याच्या बाबतीत ते पालकत्व अजून कोणी स्वीकारलेले नाही.