लिनक्स कार्यप्रणालीची प्रत्यक्ष यंत्रांवरील स्वयंचलित चाचणी : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
संगणकाच्या इतिहासलेखनात शोधांना जेवढे स्थान मिळते, तेवढे त्यांच्या पडताळणीला मिळत नाही. कार्यप्रणाली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टिम, विश्वासार्ह आहे हे कोणी व कोणत्या यंत्रावर ठरविले, या प्रश्नाच्या आधारे लिनक्सच्या चाचणीपद्धतीचा विकास तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

वापरकर्ता हाच परीक्षक :
लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स तयार केली ती स्वतःच्या ३८६ संगणकावर. पुढील दशकात नवी आवृत्ती आपापल्या यंत्रावर चालवून दोष कळविणारे वापरकर्ते हेच तिचे प्रमुख परीक्षक होते. मोठे सर्व्हर मात्र बहुतेक विकासकांच्या आवाक्याबाहेर होते. ही उणीव भरून काढण्यासाठी २००० मध्ये ओपन सोर्स डेव्हलपमेंट लॅब्ज ही संस्था स्थापन झाली. एसजीआय कंपनीने सुरू केलेल्या लिनक्स टेस्ट प्रोजेक्टमुळे चाचण्यांचा सामायिक संचही उपलब्ध झाला.

२००८ मधील धडा :
संगणकाची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर चाचणी स्वस्तात होते. मग खरे यंत्र कशासाठी? याचे उत्तर सप्टेंबर २००८ मध्ये मिळाले. कर्नेलच्या २.६.२७ या आवृत्तीच्या पूर्वचाचणी काळात इंटेलच्या काही नेटवर्क कार्डांची कायमस्वरूपी मेमरी बिघडून ती निकामी झाली. संशय प्रथम कार्डाच्या ई१०००ई या ड्रायव्हरवर गेला. प्रत्यक्षात दोष निघाला तो कर्नेलमधील हालचालींचा मागोवा घेणाऱ्या एफट्रेस या भागात. मोकळ्या झालेल्या मेमरीच्या पत्त्यावर तो लेखन करीत होता आणि त्याच पत्त्यावर नंतर कार्डाची मेमरी जोडली जात होती. असा दोष ते कार्ड असलेल्या यंत्रावरच प्रकट होतो.

प्रयोगशाळेचा उदय :
एआरएम प्रोसेसरच्या क्षेत्रात उत्पादकागणिक बोर्ड निराळे असल्याने हा प्रश्न अधिकच बिकट होता. २०१० मध्ये स्थापन झालेल्या लिनारो संस्थेने त्यासाठी लाव्हा ही व्यवस्था विकसित केली. बोर्डाचा वीजपुरवठा चालू-बंद करणे, नेटवर्कवरून नवे कर्नेल चढविणे, सिरियल जोडणीतून येणारे संदेश नोंदविणे ही कामे तीत मनुष्याविना होतात. दोष आढळल्यास बदलांची यादी निम्मी-निम्मी करीत तपासली जाते. त्यामुळे हजार बदलांतील दोषी बदल सुमारे दहा फेऱ्यांत सापडतो. कर्नेलसीआय प्रकल्पाने विविध संस्थांच्या अशा प्रयोगशाळा परस्परांशी जोडल्या. २०१९ मध्ये हा प्रकल्प लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली आला.

निष्कर्ष :
चाचणीचा भार वापरकर्त्याकडून प्रयोगशाळेकडे सरकला, हे या इतिहासाचे मुख्य सूत्र होय. परंतु प्रयोगशाळेत जे यंत्र आहे, त्याचेच दोष प्रकाशनापूर्वी हमखास दिसू शकतात. ज्या ३८६ वर लिनक्स जन्मली, त्याचा आधार २०१३ मधील ३.८ आवृत्तीत काढण्यात आला. इटॅनियमचा २०२४ मधील ६.७ आवृत्तीत. यंत्र सांभाळणारे उरले नाहीत की त्याचा आधारही फार काळ टिकत नाही. महाविद्यालयांच्या संगणक कक्षांतील जुन्या यंत्रांसारखी यंत्रे अशा प्रयोगशाळांत नसतील, तर त्यांचा परीक्षक आजही वापरकर्ताच ठरतो. म्हणून कोणती यंत्रे प्रयोगशाळेत ठेवावीत, हा केवळ तांत्रिक प्रश्न राहत नाही. कोणाच्या संगणकाची काळजी घ्यावयाची, याचा तो निर्णय असतो.