कारिटापासून नाक्यापर्यंत: नरकासुराची कुळकथा

२०२४ साली पंचांग आणि इंग्रजी कॅलेंडर यांची चांगलीच गाठ पडली. नरक चतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरला आली. पहाटे गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत नाक्यानाक्यावर नरकासुराचे पुतळे जळाले आणि त्याच तारखेच्या संध्याकाळी जगभर हॅलोवीन होता. सकाळी तुळशीपाशी कारिटाचं कडू फळ फोडलेलं पोर संध्याकाळी चेटकिणीची टोपी घालून सोसायटीत चॉकलेटं मागत फिरतं, अशी घरं गोव्यात आता दुर्मीळ नाहीत. मोरजी-हरमलचा किनारा पेडण्यातच येतो, तिथल्या हॉटेलांना तर हॅलोवीनचं नवल राहिलेलंच नाही.

यावर नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. मी त्यांतला नाही. भात कापून झालं, दिवस आखडायला लागले की पोरांना भुताखेतांशी खेळू द्यावं, ही अक्कल काही हॅलोवीनचं माहेर असलेल्या एकट्या आयर्लंडला सुचलेली नाही. भोपळा कोरून आत मेणबत्ती लावणं आपल्याला परकं खरं (आपण भोपळ्याचे घारगे करतो), पण भीतीची सोंगं काढायची, मशाली पेटवायच्या, दारोदार जाऊन खायचं, हे सगळं आपल्या दिवाळीत पूर्वीपासून आहे. ते एका रात्रीत कसं येऊन बसलं हे बघायचं, तर नरकासुराचं कूळ शोधत जावं लागतं.

भागवताच्या दशम स्कंधात, ५९ व्या अध्यायात, त्याची गोष्ट आहे. हा भूमीचा मुलगा, म्हणून भौमासुर. राजधानी प्राग्ज्योतिषपूर. त्याने अदितीची कुंडलं पळवली, वरुणाचं छत्र पळवलं, हजारो राजकन्या कोंडून ठेवल्या. कृष्ण सत्यभामेसह गरुडावर बसून निघाला, आधी पाच तोंडांच्या मुराला मारलं आणि मग सुदर्शनाने नरकासुराचं मुंडकं उडवलं. म्हणजे पुराणात त्याला जाळलेलं नाही. जाळणं मागाहून आलं आणि वेगळ्या घरातून आलं. आणखी गंमत म्हणजे ज्या प्रदेशात त्याचं राज्य होतं, त्या आसामातल्या राजांनी त्याला चक्क मूळपुरुष मानलं. सातव्या शतकातला कामरूपचा राजा भास्करवर्मा, हर्षवर्धनाचा मित्र, निधनपूरच्या ताम्रपटात आपली वंशावळ नरकापर्यंत नेऊन भिडवतो. गुवाहाटीत आजही त्याच्या नावाची टेकडी आहे. आपल्याकडे ज्याच्या पोटात फटाके भरतात, तो तिकडे एका राजघराण्याचा आजोबा.

आता शास्त्राकडे येऊ. काशीनाथ उपाध्यायांचा धर्मसिंधू १७९० च्या सुमाराचा. मराठी मुलखातल्या भटजींनी तो पिढ्यान् पिढ्या प्रमाण मानला. त्यात या चतुर्दशीला पहाटे तेल लावून स्नान, स्नान करताना आघाड्याची फांदी अंगावरून फिरवणं, यमाला तर्पण, संध्याकाळी दिवे असं सगळं आहे. हे सारं नरकाच्या भयापोटी, म्हणजे मेल्यावरच्या नरकाच्या. पुतळा कुठेच नाही. एक विधी मात्र आहे, जो आज बहुतेक घरांतून पुसला गेला: उल्कादान. सूर्य तूळ राशीत असताना चतुर्दशी-अमावास्येच्या तिन्हीसांजेला हातात पेटत्या चुडी घ्यायच्या आणि पितरांना वाट दाखवायची. पितृपक्षात जेवायला आलेले पूर्वज या दिवसांत परत निघतात, त्यांना अंधारात चाचपडायला लागू नये म्हणून हा उजेड. आकाशदिव्याचं मूळही याच समजुतीत आहे. हॅलोवीन ज्यातून आला त्या आयर्लंडच्या साउइन सणाची समजूतही जवळजवळ हीच: पीक घरात आलं, थंडी तोंडावर आली, या एका रात्री मेलेले घराकडे फिरकतात, तेव्हा विस्तव पेटवा. तिकडे सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. आयरिश माणसं अमेरिकेला गेली तेव्हा सलगमापेक्षा भोपळा मोठा आणि कोरायला मऊ मिळाला.

तेव्हा पहिला धागा मशालीचा. दुसरा धागा कारिटाचा, आणि मला विचाराल तर खरा जुना नरकासुर हाच.

कारीट म्हणजे रानात, शेताच्या बांधावर, कुंपणावर आपोआप वाढणाऱ्या वेलीचं फळ. लहानशा अंड्याएवढं, हिरवं, वर फिकट पट्टे, पिकलं की पिवळं. नात्याने काकडीच्या घरातलं, चवीने कडू जहर. चतुर्दशीच्या पहाटे तेलउटणं लावून आंघोळ झाली की तुळशीपुढे एकेकाने उभं राहायचं, कारीट जमिनीवर ठेवून डाव्या पायाने चिरडायचं, ‘गोविंदा’ म्हणून ओरडायचं आणि बोटाने त्याचा रस जिभेला लावायचा. कारीट हेच नरकासुराचं डोकं. लहान मुलाचं पहिलं कारीट बघण्यासारखं असतं. आधी पाय घसरतो आणि फळ टुणकन वृंदावनाखाली जातं. दुसऱ्यांदा आजी हात धरते, फच्‌ असा आवाज होतो, बिया आजीच्या लुगड्यावर. मग जिभेला बोट लागतं आणि त्या चेहऱ्यावर जे उमटतं त्यापुढे कुठल्याही दुकानातला मुखवटा फिका. दिवाळीच्या गोडाची सुरुवात कडूने करायची, हा धडा न शिकवता शिकवला जातो.

कारीट जुनं असं मी म्हणतो ते त्याच्या पसाऱ्यावरून. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोवा, देशावरची कितीतरी घरं, सगळीकडे ते आहे. नाक्यावर पुतळा उभारून जाळणं ही खासियत मुख्यतः गोव्याची, आणि सीमेपलीकडच्या सिंधुदुर्गाच्या काही गावांची. जो रिवाज लांबवर पसरलेला आणि घरातल्या अंगणाला चिकटलेला, तो सहसा आधीचा असतो.

गोव्याच्या पेडणे आणि डिचोली तालुक्यांत तो अंगणाला घट्ट चिकटून राहिला याला इतिहासही कारण आहे. हे तालुके नव्या काबिजादीतले. सावंतवाडीकर भोसल्यांकडून ते पोर्तुगिजांकडे गेले १७८१ ते १७८८ या काळात, म्हणजे बार्देस-सासष्टीनंतर जवळजवळ अडीचशे वर्षांनी. तिकडे इन्क्विझिशनने (चर्चच्या धर्मन्यायालयाने) १७३६ च्या फर्मानात ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांना जुने रीतिरिवाज पाळायला मनाई केली, अंगणातली तुळससुद्धा त्यातून सुटली नाही. इकडे तो वरवंटा फिरलाच नाही. उलट डिचोली हे तिकडून हललेल्या देवांच्या आसऱ्याचं ठिकाण. दिवाडी बेटावरचा सप्तकोटेश्वर नदी ओलांडून नार्व्याला आला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी त्याचं देऊळ बांधवलं. तुळस राहिली, म्हणून तुळशीपुढचं कारीट राहिलं.

शिवाय या भागाला भुतांचं वावडं कधी नव्हतंच. पेडण्याची पुनव म्हणजे कोजागिरी, दिवाळीच्या जेमतेम दोन आठवडे आधी. भगवतीच्या देवळाबाहेर दोन मोठे दगडी हत्ती आहेत, तिथे रवळनाथ आणि भूतनाथ यांची तरंगं (सजवलेले देवखांब) निघतात. भूतनाथाला एका रात्रीत बांधलेलं देऊळ हवं, ते मिळत नाही म्हणून तो रुसून रानाकडे धावतो आणि लोक विनवण्या करून त्याला परत आणतात, अशी कथा. अंगात आलेली माणसं उतारा व्हावा म्हणून इथे आणतात. डिचोलीतल्या साळ गावचे गडे (जत्रेतले भक्त) रात्री भुतांच्या मागे धावतात, पण ते शिमग्यात. कार्तिक लागला की जत्रांतून दशावतार सुरू होतो आणि त्यात काळ्या कपड्यातला संकासुर येतो. वेद चोरणारा हा राक्षस मुलांना आधी भिववतो आणि मग हसवून हसवून लोळवतो. राक्षसाला घाबरावं आणि त्याच्याशी मस्करीही करावी, हे इथल्या पोरांना नरकासुराने नव्याने शिकवलेलं नाही.

आता नाक्यावरचा नरकासुर. वाड्यावरच्या लहान मुलांचा नरकासुर कसा होतो ते सांगतो, कारण मोठ्यांचा त्याचाच फुगलेला अवतार आहे. शाळेची परीक्षा संपते आणि कोणाच्या तरी बाबांची जुनी पँट नाहीशी होते. बांबूची एक उभी काठी, एक आडवी, सुंभाने आवळलेली. त्यावर पँट-शर्ट चढवून आत गवत कोंबायचं. गवत नव्या कापणीचं असलं तर अंगाला खाज सुटते, आणि ज्याला सुटते त्यालाच पुन्हा कोंबायला लावतात. पोटासाठी गोणपाट. हाताला पंजे म्हणून जुने मोजे. मुखवटा म्हापशाच्या बाजारात कागदाच्या लगद्याचा तयार मिळतो, पण खरी मजा घरी करण्यात: फुग्यावर मैद्याच्या खळीने वर्तमानपत्राचे तुकडे थरावर थर चिकटवायचे, उन्हात वाळवायचे, मग लाल-काळा रंग, थर्माकोलचे दात. ऑक्टोबरात मध्येच पावसाची सर येते आणि वाळत टाकलेलं डोकं लपकन बसतं. तसा एक गाल आत गेलेला नरकासुर सगळ्यांत भयंकर दिसतो हे पोरांना कळतं आणि पुढच्या वर्षी ती मुद्दाम तसा करतात.

मग खर्च. फटाक्यांना पैसे लागतात, म्हणून रस्त्यावर दोरी धरून येणाऱ्याजाणाऱ्याला अडवायचं: “काका, नरकासुराक पयशे दियात!”

ही दोरी ओळखीची वाटते का? गोव्यात ती वर्षातून दोनदा दिसते. दुसऱ्यांदा ३१ डिसेंबरच्या आधी, ‘ओल्ड मॅन’साठी. तोही गवताचा, तोही जुन्या कपड्यांतला, मध्यरात्री सरत्या वर्षाबरोबर जाळायचा. फोर्ट कोचीत त्याचा भाऊ पपाञ्ञी म्हणून ओळखला जातो, इक्वेडोरमध्ये तो ‘जुनं वर्ष’ या नावाने जळतो. इंग्लंडातही एक सख्खा चुलता आहे: १६०५ साली पार्लमेंट उडवायला निघालेला गाय फॉक्स. ५ नोव्हेंबरला त्याचा चिंध्यांचा पुतळा गाड्यावर घालून इंग्रज पोरं ‘गायसाठी एक पेनी’ मागत फिरत आणि रात्री तो शेकोटीत जाई. हॅलोवीन आणि नरकासुर यांची तुलना नेहमी होते, पण कुंडली जुळते ती गाय फॉक्सशी. पुतळा, वर्गणी, आग, फटाके, आणि सगळा कारभार पोरांच्या हातात.

हा कारभार पोरांच्या हातून गेला तेव्हा नरकासुर वाढला. लोखंडी सांगाडा आला, वेल्डर आला, डोळे फिरवायला मोटर, हात हलवायला चाकं, नेण्याआणण्याला ट्रॉली. स्पर्धा आल्या, बक्षिसं आली. पणजी-म्हापसा-मडगावात रात्रभर माणसं नरकासुर बघत फिरतात. त्यातल्या कारागिरीला नावं ठेवणाऱ्याने एकदा रात्री दोन वाजता एखाद्या मांडवात जाऊन बघावं: बारावी नापास पोरगा तारेच्या एका तुकड्यावर राक्षसाचा जबडा उघडमीट करत असतो. ते कौतुकाचंच आहे. पण ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत, रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद हवा, आणि या एका रात्री तो नियम नरकासुराआधीच जळतो. छातीत धडधडणाऱ्या त्या आवाजात चार वर्षांचं मूल भीतीचा खेळ खेळत नाही, खरंच घाबरतं, आणि आईच्या खांद्यावर तोंड लपवतं. सांगाड्यात टायर घालणं तर निव्वळ नालायकपणा. ‘कृष्णापेक्षा नरकासुराचंच स्तोम’ ही तक्रार दरवर्षी ऐकू येते. तिच्याशी माझं फारसं जमत नाही. राक्षस काढायला हात शिवशिवतात, देव काढायला भीती वाटते, हे कुठल्याही चित्रकाराला विचारा. माझी तक्रार एवढीच की चाळीस फुटी पुतळ्याला लहान मुलाचा हात पोचत नाही.

म्हणून डिचोलीच्या वाड्यांवरून, पेडण्याच्या आतल्या गावांतून जे कमरेएवढे, वाकडे, एका बाजूला कललेले नरकासुर पहाटे चार-साडेचारला दिसतात, तेच मला अस्सल वाटतात. एखाद्या पोराला निळा रंग फासून, मोरपीस खोवून कृष्ण केलेलं असतं. तो अर्धवट झोपेत बाण सोडतो, बाण दोन हातांवर पडतो, कोणीतरी मोठा माणूस काडी ओढतो. गवत भसकन पेटतं, पोटातले फटाके उडतात, मुखवटा सगळ्यांत शेवटी जळतो. राख मात्र सकाळपर्यंत रस्त्यात पडून राहते आणि ती झाडायला नरकासुर करणारं कोणी फिरकत नाही. ही शिस्त लावायला हरकत नाही.

मग घरी येऊन तेल, उटणं, गरम पाणी, कारीट. आणि त्यानंतर फोव. देशावरच्या घरांत दिवाळी म्हणजे चकल्या-करंज्या, गोव्यात पहिला मान पोह्यांना, कारण भात नुकतंच घरात आलेलं असतं. दुधातले फोव, ताकातले, नारळाच्या रसातले, गूळखोबऱ्याचे, फोडणीचे, सोबत काळ्या वाटाण्याची उसळ आणि आंबाड्यांचं करम. प्रकार किती असावेत यावर दोन घरांचं एकमत होत नाही, आणि आपल्याच घरचे खाऊन गप्प बसायची मुभाही नाही. शेजारी, भाऊबंद, मित्र, सगळ्यांकडे जाऊन खायचं, सगळ्यांना आपल्याकडे बोलवायचं. हॅलोवीनची पोरं दारात उभी राहून पिशवी पुढे करतात, इथे आत पाटावर बसावं लागतं आणि वाटी रिकामी केल्याशिवाय उठता येत नाही. रात्रभर जागलेली पोरं तिसऱ्या घरात टेकतात. चौथ्या घरातली काकी दारातच उभी असते: “मातशे ताकांतले तरी खा रे, रातभर नरकासुराक राखण केली मरे तुमी!”