कोर्ट रिपोर्टर (अमेरिका)

शपथेवर दिलेल्या साक्षीचा शब्दन् शब्द नोंदवणारा लघुलेखक. अमेरिकी दिवाणी दाव्यांत सुनावणीपूर्वी घेतली जाणारी साक्ष, म्हणजे डिपॉझिशन, बहुधा वकिलाच्या कार्यालयात होते. तिथे न्यायाधीश नसतो. साक्षीदाराला शपथही बहुतेकदा रिपोर्टरच देतो.

हाताशी असते ते स्टेनोटाइप यंत्र. त्यावर अवघ्या 22 कळा. अनेक कळा एकदम दाबून उच्चार टिपले जातात. राष्ट्रीय पातळीवरच्या व्यावसायिक परीक्षेत प्रश्नोत्तरांसाठी मिनिटाला 225 शब्दांचा वेग लागतो. साक्षीदाराने नुसती मान डोलावली तर नोंदवायचे काय? म्हणून त्याला तोंडी उत्तर द्यायला सांगतात, आणि दोन वकील एकदम बोलू लागले की रिपोर्टर त्यांना थांबवतो. हा अधिकार रास्तच आहे: अपील ऐकणाऱ्या न्यायालयापुढे साक्षीदार सहसा उभा नसतो, असतो तो हा कागद.

संघीय नियमांनुसार पक्षकाराचा वा वकिलाचा नातेवाईक, नोकर किंवा दाव्यात आर्थिक हितसंबंध असलेली व्यक्ती सहसा डिपॉझिशन नोंदवू शकत नाही.

भारतात सत्र न्यायालयातली साक्ष मात्र सर्वसाधारणपणे कथनरूपात उतरवली जाते. एखादे प्रश्नोत्तर जसेच्या तसे घ्यायचे की नाही, हे न्यायाधीश ठरवतात.