बंदुकीची फाईल

2021 च्या मार्चमध्ये लोणीकंद आणि लोणी काळभोर ही दोन पोलीस ठाणी पुणे ग्रामीणमधून निघून पुणे शहर पोलीस आयुक्तालयात आली. पुण्याजवळचे, नगर रस्त्यावरचे वाघोली गाव तेव्हा लोणीकंदच्या हद्दीत होते. चर्चा झाली ती वाढत्या गुन्ह्यांची, अपुऱ्या मनुष्यबळाची आणि नगर रस्त्यावरच्या कोंडीची. एक बदल मात्र बहुतेकांच्या ध्यानीमनीही नव्हता. गावातल्या परवान्याच्या बंदुकांचा साहेब बदलला होता. ग्रामीण भागात शस्त्रपरवाना देतो जिल्हाधिकारी, जिल्हादंडाधिकारी म्हणून. आयुक्तालयाच्या हद्दीत तोच अधिकार पोलीस आयुक्ताकडे असतो. त्याच वर्षी जूनअखेर वाघोली महापालिकेतही गेली आणि 2024 मध्ये गावाला स्वतःचे पोलीस ठाणे मिळाले. ज्या ठाण्याने अर्जदाराची चौकशी करायची तेही तीन वर्षांत बदलले.

बदल वरवर कारकुनी वाटतो, पण तसा तो नाही. जिल्हाधिकारी महसुलाचा माणूस; पोलिसांचा अहवाल त्याच्याकडे बाहेरून येतो. आयुक्तालयात अहवाल देणारे आणि सही करणारे एकाच खात्याचे. बंदूक कुणाच्या कमरेला असावी हे कुणी ठरवायचे, या प्रश्नाला दीडशे वर्षांहून मोठा इतिहास आहे आणि त्याची बरीच पाने मराठी मुलखातली आहेत.

जुन्या इतिहासात वाघोलीचे नाव निघते ते पिलाजी जाधवरावांमुळे. शाहू महाराजांचे आणि पहिल्या बाजीरावाचे हे सरदार. त्यांची समाधी गावात वाघेश्वराजवळ आहे. त्या काळी हत्यार बाळगायला कुणाची सही लागत नव्हती. हत्यार हीच पत होती. ते मोजण्याची आणि नोंदवण्याची कल्पना कंपनी सरकारने रुजवली, ती 1857 च्या धामधुमीत. त्या वर्षीच्या 28 व्या कायद्याने हत्यारे सरकारदरबारी नोंदवायला लावली. घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानातल्या हलगली गावच्या बेरडांनी नोव्हेंबर 1857 मध्ये त्याला साफ नकार दिला. फौज आली, गाव जाळले गेले, अनेकांना फाशी झाली. पुढच्या मे महिन्यात नरगुंदचे भास्करराव भावे उठले, त्यांच्याही रागाच्या कारणांत हत्यारबंदी होतीच.

मग आला 1878 चा शस्त्रकायदा. व्हाइसरॉय लिटन. देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांच्या मुसक्या आवळणारा कायदाही त्याच वर्षीचा. शस्त्रकायद्याची मेख तो कुणाला लागू नव्हता यात होती: युरोपियनांना सूट, हिंदी माणसाला परवाना. परवाना देताना दंडाधिकारी पाहायचा तो अर्जदार किती वजनदार आणि किती राजनिष्ठ आहे हे. पाटील, इनामदार, पेन्शनर सुभेदार यांची वाट त्यातल्या त्यात सोपी.

कायदा होऊन वर्षही उलटले नव्हते तोच, फेब्रुवारी 1879 मध्ये, वासुदेव बळवंत फडक्यांनी रामोशी साथीदारांसह शिरूर तालुक्यातले धामारी लुटले. वाघोलीवरून जाणाऱ्या नगर रस्त्याने पुढे गेले की हाच मुलूख लागतो. दंडाधिकाऱ्याची सही मागायला त्यातला कुणी गेला नव्हता, हे सांगायला नको. जून 1897 मध्ये गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर झाडलेल्या पिस्तुलाचीही तीच गोष्ट. हत्यारबंदीचा जाच झाला तो रानडुकरांनी पीक फस्त केलेल्या शेतकऱ्याला.

काँग्रेसने 1887 च्या मद्रास अधिवेशनातच या कायद्यात बदल मागितला होता. 1931 च्या कराची ठरावात तर नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीत जाऊन बसला. स्वातंत्र्यानंतर मात्र गाडी उलटी फिरली. 1948 च्या डिसेंबरमध्ये घटना समितीत ह. वि. कामथांनी हा हक्क घटनेत घालण्याची दुरुस्ती सुचवली. बाबासाहेब आंबेडकरांनी ती फेटाळली. सरसकट हक्क दिला तर सराईत गुन्हेगारही तोच हक्क सांगतील, हा त्यांचा मुद्दा होता. ज्यांनी कराचीत हा हक्क मागितला होता ते आता सरकारात होते, हा योगायोगही दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

आजचा कायदा 1959 चा. वाचायला घेतला की त्यात दोन बंदुका दिसतात. एक लांब नळीची: निदान 20 इंच नळी, आतून गुळगुळीत, संरक्षणासाठी किंवा खेळासाठी, आणि तिच्याच जोडीला पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक. योग्य माणसाला ही द्यावी, असा कलम 13 चा कल आहे. दुसरी खिशात किंवा कमरेला मावणारी, म्हणजे पिस्तूल नाहीतर रिव्हॉल्व्हर. तिच्यासाठी ‘सबळ कारण’ दाखवावे लागते आणि ते सबळ आहे की नाही हे अधिकारी ठरवतो. वाघोलीसारख्या गावात खरा झगडा या दुसरीचा. शेतीचे प्लॉट झाले, खाणी आणि क्रशर चालले, गुंठ्याच्या भावाने माणसे रातोरात मोठी झाली. अशा ठिकाणी पिस्तूल जिवाच्या भीतीने मागितले की रुबाबासाठी, हे अर्जावरून ओळखणे अवघड.

म्हणून फाईल जाड होते. अर्ज आता ऑनलाइन, पण त्यामागची फिराफिर जुनीच. ओळखीचे आणि पत्त्याचे पुरावे, धमकी आली असेल तर तिची तक्रार, धंद्याचे कागद, प्राप्तिकराची विवरणे. 2016 च्या नियमांनी डॉक्टरांचा दाखला आणला: मानसिक स्वास्थ्य ठीक, दारू वा अमली पदार्थांचे व्यसन नाही. शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्रही आले आणि घरात ते सुरक्षित ठेवण्याची हमीही. मग फाईल ठाण्यात जाते. हवालदार शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारतो, अर्जदाराचा जबाब घेतो, गुन्ह्यांच्या नोंदी तपासल्या जातात, शेरा मारला जातो. वय 21 च्या आत असेल तर प्रश्नच मिटला. हिंसेच्या गुन्ह्यात शिक्षा भोगलेल्याला सुटकेनंतर पाच वर्षे दार बंद.

याच कायद्याच्या कलम 14 मध्ये एक वाक्य आहे, ते फारसे कुणी उद्धृत करत नाही. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही, असे ते सांगते. 1878 च्या ‘वजनदार’ माणसाला कायद्याने असा निरोप दिला. फाईलमधून तो गेलेला नाही.

एवढ्या छाननीतून उतरलेले परवानेधारक कितपत कायदा पाळतात? बहुतेक सगळे पाळतात, हे मान्य करायला हवे. 2016 च्या अखेरीस देशात सुमारे 33.7 लाख शस्त्रपरवाने होते. एकट्या उत्तर प्रदेशात 12.77 लाख, महाराष्ट्रात 84,050. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या त्या वर्षांतल्या आकड्यांत बंदुकीने झालेल्या खुनांपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास खून बिनपरवान्याच्या हत्यारांनी झालेले दिसतात. पुण्यात टोळीयुद्धाच्या बातमीत शब्द येतो तो गावठी कट्टा. त्याचा माग बऱ्याचदा मध्य प्रदेशाच्या बडवानी जिल्ह्यातल्या उमर्टीपर्यंत जातो, चोपड्याच्या सीमेला लागून. 2025 च्या नोव्हेंबरमध्ये पुणे पोलिसांनी तिथे मोठ्या फौजफाट्यासह छापा घालून भट्ट्या मोडल्या.

उरलेल्या दहा टक्क्यांकडे मात्र नीट पाहावे. 22 एप्रिल 2006 च्या सकाळी वरळीत प्रमोद महाजनांवर त्यांच्या धाकट्या भावाने गोळ्या झाडल्या. पिस्तूल .32 चे ब्राउनिंग, परवान्याचे. गोळ्या झाडून तो स्वतःच पोलीस ठाण्यात गेला. घरातली धुमस कुठल्या हवालदाराच्या शेऱ्यात उतरणार होती? 2 फेब्रुवारी 2024 ला उल्हासनगरच्या हिल लाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकाच्या दालनात, एका आमदाराने राजकीय प्रतिस्पर्ध्यावर गोळ्या झाडल्याचा गुन्हा नोंदला गेला. वाद जमिनीचा, हत्यार परवान्याचे. सहा दिवसांनी दहिसरला माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकरांचा समाजमाध्यमावरच्या थेट प्रक्षेपणात खून झाला. ते पिस्तूल मारेकऱ्याच्या अंगरक्षकाचे होते आणि त्याचा परवाना उत्तर प्रदेशातला. म्हणजे छाननी झाली एकाची, चाप ओढला दुसऱ्याने. त्याच वर्षी 1 ऑक्टोबरला अभिनेता गोविंदाच्या पायात स्वतःच्याच रिव्हॉल्व्हरची गोळी घुसली.

या घटनांत गुन्हेगारी नोंद तपासून हाती काय लागले असते, हा प्रश्न उरतो. पडताळणी माणसाचा भूतकाळ वाचते. भाऊबंदकी, जमिनीचा दावा, चढलेली मग्रुरी हे सगळे परवान्यानंतर घडते आणि नूतनीकरणाच्या खिडकीवर त्याची विचारपूस क्वचितच होते. 2019 च्या दुरुस्तीने एका माणसाकडची शस्त्रे तीनवरून दोनवर आणली, लग्नामिरवणुकीत हवेत बार काढण्याला दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली, आणि त्याच दमात परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच केली. पहिल्या दोन गोष्टी शहाणपणाच्या. तिसरीने पुन्हा तपासण्याची संधी लांबली.

अमेरिकेत हाच वाद दुसऱ्या टोकाने चालतो. टेक्सासचे सार्वजनिक सुरक्षा खाते परवानेधारकांना झालेल्या शिक्षांचे आकडे दरवर्षी छापते आणि एकूण शिक्षांत त्यांचा वाटा फारच कमी निघतो. सैल परवान्यांचे समर्थक तेच आकडे पुढे करतात. न्यूयॉर्कमध्ये मात्र पिस्तूल बाळगायला आपल्यासारखेच सबळ कारण लागायचे, 1911 च्या सलिव्हन कायद्याच्या परंपरेने. 2022 च्या जूनमध्ये ब्रूएन खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती अट रद्द केली. तिथे तो हक्क आहे, इथे ती सवलत. टेक्सासचे आकडे वाघोलीला लावायचे तर हा फरक आधी मिटवावा लागेल, आणि असे तपशीलवार आकडे आपल्याकडे दरवर्षी छापावे लागतील.

सवलत काढूनही घेता येते, कलम 17 खाली. ते कलम जागे व्हायला बऱ्याचदा एखादा बळी जावा लागतो. डिसेंबर 2024 मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाला आणि बीड जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्रपरवाने असल्याचे राज्याला कळले. गुन्हे दाखल असलेल्यांच्याही कमरेला परवान्याचे पिस्तूल होते. शंभराहून अधिक परवाने मग झपाट्याने रद्द झाले. 2024 च्या जुलैमध्ये मुळशीत शेतकऱ्यांवर पिस्तूल रोखणाऱ्या बाईची चित्रफीत पसरली, तेव्हाही परवान्याची नोटीस निघाली ती चित्रफितीनंतर. प्रसंग त्याच्या वर्षभर आधीच घडून गेला होता.

निवडणूक आली की वेगळीच गंमत. पूर्वी सरसकट फतवा निघायचा: शस्त्रे ठाण्यात जमा करा. 2009 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याला लगाम घातला. छाननी समितीने एकेक परवाना पाहून ठरवावे, असा दंडक पडला. कोकणात ठासणीच्या बंदुकीवर पिकाची राखण करणाऱ्याला याचे मोल विचारावे.

आणि अर्ज फेटाळला गेला तर कलम 18 प्रमाणे अपील. आयुक्तालयाच्या हद्दीत ते शासनाच्या गृह विभागाकडे जाते, म्हणजे अखेर मंत्र्याच्या टेबलावर. 2025 मध्ये पुण्यातल्या एका कुख्यात गुंडाच्या भावाचा अर्ज पोलीस आयुक्तांनी नाकारला. त्याने अपील केले आणि जूनमध्ये गृहराज्यमंत्र्यांनी परवान्याला मंजुरी दिली. जुन्या खटल्यांतून न्यायालयाने त्याला सोडल्याचा दाखला नंतर देण्यात आला. ऑक्टोबरमध्ये हे उघडकीला आले आणि विरोधकांनी मंत्र्यांचा राजीनामा मागितला. पुणे पोलिसांनी मंजुरीनंतरही परवाना दिला नव्हता.