पट्टा खडकाचा आणि पट्टा कागदाचा

बडोद्यातील जुन्या दक्षिणी घरांत सोन्याच्या गोष्टी पुष्कळ ऐकावयास मिळतात. खंडेराव महाराजांनी चांदीच्या तोफा ओतविल्या, तेव्हा त्यांच्यावर ताण करण्यासाठी मल्हारराव महाराजांनी सोन्याच्या तोफा ओतविल्या, ही त्यांतील सर्वांत प्रसिद्ध गोष्ट. त्या तोफांचे तेज आपल्या आज्या-पणज्यांच्या बोलण्यात कितीतरी वर्षे टिकून होते. परंतु हे सगळे सोने व्यापाराने, वसुलीने आणि खंडणीने बाहेरून आलेले होते. गायकवाडांच्या स्वतःच्या भूमीत सोने होते काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. तो विचारला गेला होता आणि त्याचे उत्तर शोधण्याची योग्यता असलेला मनुष्य सयाजीराव महाराजांच्या काळात बडोद्यास आला होता. त्याचे नाव रॉबर्ट ब्रूस फूट.

फूट यांचा जन्म १८३४ सालचा, इंग्लंडमधील चेल्टनहॅम येथील. १८५८ साली ते भारतीय भूगर्भ सर्वेक्षण खात्यात रुजू झाले आणि पुढील तेहतीस वर्षे त्यांनी दक्षिण हिंदुस्थान पायाखाली घातला. १८६३ साली मद्रासजवळ पल्लावरम येथे त्यांना अश्मयुगीन दगडी हत्यार सापडले. भारताच्या प्रागितिहासाचा आरंभ आपण तेथून मोजतो. मराठी वाचकाला जवळचा वाटावा असा त्यांचा ग्रंथ १८७६ साली निघाला. 'दक्षिण मराठा देश' म्हणून तेव्हा ओळखल्या जाणाऱ्या प्रदेशाच्या, म्हणजे बेळगाव, कलादगी आणि भोवतालच्या पटवर्धन-घोरपड्यांच्या संस्थानांच्या भूरचनेचे वर्णन त्यात आहे. गोकाकजवळ घटप्रभेच्या खोऱ्यात गेंड्याच्या एका लुप्त जातीचे अवशेष त्यांनाच मिळाले होते. आपल्यापैकी अनेकांचे मूळ गाव ज्या मातीत आहे, ती माती या गृहस्थाने आपल्या पूर्वजांपेक्षाही बारकाईने पाहिली होती.

सोन्याशी त्यांचा संबंध आला तो धारवाड जिल्ह्यात. गदगजवळच्या डंबळच्या डोंगरांतून येणाऱ्या ओढ्यांत पावसाळ्यानंतर झारेकरी वाळू धूत असत. कानडीत त्यांना जालगार म्हणत. लाकडी पाटीत वाळू घेऊन ती पाण्यात गोल फिरवावयाची, हलके कण वाहू द्यावयाचे आणि शेवटी तळाशी काळ्या लोहवाळूबरोबर राहिलेले सोन्याचे कण वेचावयाचे. सराफकट्ट्यावरची केरमाती धुणारे झारेकरी आपल्याकडेही होते. पद्धत तीच. या कष्टांतून जेमतेम पोट भरे. १८७४ साली फूट यांनी या डोंगरांतील सुवर्णयुक्त खडकांवर लिहिले. ओढ्यात सोने आहे तर ते वर कोणत्या खडकातून येते, हा त्यांचा प्रश्न होता.

त्या प्रश्नाचे उत्तर देण्यास त्यांना आणखी बारा-पंधरा वर्षे लागली. धारवाड, म्हैसूर आणि निजामाच्या रायचूर भागातील गडद, पत्रीदार खडकांच्या अरुंद पट्ट्या एकाच प्राचीन समूहाच्या आहेत, असे त्यांनी ओळखले आणि त्या समूहास 'धारवाड' हे नाव दिले. दक्षिणेतील सोने मुख्यतः याच समूहात आढळते, हेही त्यांनी सांगितले. आजच्या ज्ञानाप्रमाणे हे खडक अडीच अब्ज वर्षांहून जुने आहेत. पृथ्वीच्या खोल भागांतून उष्ण द्रव भेगांतून वर चढले, थंड होताना त्यांनी गारेचे शुभ्र पापुद्रे मागे ठेवले आणि त्यांतच सोन्याचे सूक्ष्म कण अडकून राहिले. टनभर दगडात चार-पाच ग्रॅम सोने असले तरी खाण चालू शकते, इतके ते विरळ असते.

मराठीत 'पट्टा' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक पट्टा खडकाचा, जमिनीवरून लांबवर गेलेला; दुसरा पट्टा कागदाचा, म्हणजे जमिनीवरील हक्काचा लेख. एकोणिसाव्या शतकातील सोन्याच्या शोधाचा सारा इतिहास या दोन पट्ट्यांच्या चुकामुकीचा आहे. वायनाडमध्ये कॉफीच्या मळ्यांना रोगाने ग्रासले होते. १८८० च्या सुमारास तेथे सोने असल्याची वार्ता पसरली आणि डबघाईस आलेले मळे सोन्याच्या जमिनी म्हणून चढ्या भावाने विकले गेले. दोन-तीन वर्षांत लंडनमध्ये तीसहून अधिक कंपन्या निघाल्या. यंत्रे आली, साहेब आले, बंगले उठले. सोने मात्र नगण्य निघाले आणि बहुतेक कंपन्या थोड्याच वर्षांत बुडाल्या. कागदाचा पट्टा होता, खडकाचा पट्टा दुबळा होता.

कोलारची गोष्ट निराळी. तेथे मायकेल लव्हेल या निवृत्त आयरिश सैनिकाने १८७५ साली म्हैसूर दरबाराकडून हक्क मिळविला. १८८० मध्ये जॉन टेलर यांच्या पेढीने तेथे काम हाती घेतले. आरंभी पैसा खर्ची पडत राहिला, भागधारक कंटाळले. शेवटी प्राचीन खाणकऱ्यांनी सोडलेल्या खड्ड्यांच्या खाली उतरल्यावर 'चँपियन' नावाची समृद्ध शीर हाती लागली. १९०२ साली शिवसमुद्रम्‌च्या धबधब्यावरची वीज या खाणींपर्यंत आली. पुढे खाणी तीन किलोमीटरपेक्षाही खोल गेल्या. २००१ साली त्या बंद झाल्या, तोवर सुमारे आठशे टन सोने तेथून निघाले होते. म्हैसूर दरबाराला स्वामित्वशुल्क मिळाले, मोठा नफा लंडनला गेला आणि फुप्फुसांत साठलेली गारेची धूळ मजुरांच्या वाट्याला आली.

तिसरे उदाहरण हैदराबादचे. निजाम सरकारने १८८६ साली राज्यातील खनिजांचे हक्क एका विलायती कंपनीच्या प्रवर्तकांना नव्व्याण्णव वर्षांच्या मुदतीने देऊन टाकले. त्या हक्काच्या भागांचा लंडनच्या बाजारात असा व्यवहार झाला की, १८८८ साली ब्रिटिश पार्लमेंटला चौकशी समिती नेमावी लागली. जमिनीत काय आहे हे नीट कळण्यापूर्वी जमिनीखालचे सर्व काही देऊन टाकले गेले होते. देशी संस्थानांना यातून शिकण्यासारखे पुष्कळ होते.

या पार्श्वभूमीवर बडोद्याकडे पाहावे. सयाजीराव महाराजांनी १८८१ अखेर राज्याची पूर्ण सूत्रे हाती घेतली. १८९० साली कलाभवन निघाले. १८९४ साली संग्रहालयाची इमारत उभी राहिली. याच वर्षांत, १८९१ मध्ये सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या फूट यांना राज्याची भूगर्भपाहणी करण्यासाठी बोलाविण्यात आले. दक्षिणेतील सोन्याचा खडक ज्याने ओळखला, तोच मनुष्य गायकवाडांच्या मुलखात हातोडी घेऊन हिंडू लागला. बडोद्याने आधी पाहणी केली, हे या प्रकरणातील मर्म आहे.

हे काम सोपे नव्हते. बडोदे, कडी, नवसारी आणि अमरेली हे राज्याचे चारही प्रांत एकमेकांपासून तुटलेले, मध्ये इंग्रजी मुलूख आणि इतर संस्थाने. राजकारणाने जोडलेल्या या तुकड्यांखालचे खडकही भिन्न. नवसारी आणि अमरेलीत आपल्या सह्याद्रीचाच काळा पाषाण, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. गायकवाडांचे मूळ ठाणे सोनगड. नावात सोने असले तरी पायाखाली हाच कातळ आहे आणि त्यात सोन्याच्या शिरा नसतात. कडी प्रांत म्हणजे नद्यांनी आणि वाऱ्याने आणलेल्या गाळाचे सपाट मैदान. तेथे खडक दिसणेच दुर्मीळ. सोन्याची थोडीबहुत आशा धरावी असा प्राचीन खडक बडोदे प्रांताच्या पूर्व अंगाला, ओरसंगच्या खोऱ्यात संखेड्याच्या बाजूस होता. फूट यांना तेथे हिरवा संगमरवर दिसला, तो मोतीपुऱ्याचा. सोनगीरचा वालुकाश्म दिसला. येथेही नावात सोने, पण हाती बांधकामाचा चांगला दगड. कोलार-हट्टीसारखा सुवर्णपट्टा बडोदे राज्याच्या नकाशावर उमटला नाही.

१८९८ साली 'बडोदे राज्याचे भूगर्भशास्त्र' हा त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. तोवर ते म्हैसूर राज्याच्या नव्या भूगर्भ खात्याचे प्रमुख म्हणून १८९४ मध्येच दक्षिणेत परतले होते. दरबाराच्या पैशाने पाहणी करणाऱ्या तज्ज्ञाला 'शक्यता आहे, आणखी शोध घ्यावा' असे लिहून आशा तेवती ठेवणे अवघड नसते. वायनाडमध्ये अशाच आशेवर कंपन्या उभ्या राहिल्या होत्या. बडोद्याच्या ग्रंथात संगमरवराला संगमरवर आणि वालुकाश्माला वालुकाश्म म्हटले आहे. त्यामुळे गायकवाडांच्या मुलखात सोन्याच्या भागभांडवलाचा बुडबुडा उठला नाही आणि कोणाची पुंजी त्यात गेली नाही. जे घडले नाही त्याची नोंद इतिहासात क्वचितच होते, म्हणून ही येथे मुद्दाम करावीशी वाटते.

सोन्याऐवजी त्यांच्या हाती दुसरेच धन लागले. १८९३ साली कडी प्रांतात साबरमतीच्या काठी सादोलिया आणि पेढामली येथे त्यांना अश्मयुगीन मानवाची दगडी हत्यारे मिळाली. गुजरातच्या प्रागितिहासाचा तो पहिला पुरावा. या सूत्राचे टोक धरून १९४१ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील डॉ. हसमुख सांकळिया गुजरातेत आले. लांघणज येथील उत्खननात पुढे इरावतीबाई कर्वे त्यांच्याबरोबर होत्या. खनिज शोधणाऱ्याला इतिहास सापडावा, असा योग पुन्हा एकदा आला. १९१५ साली निजामाच्या राज्यात सोन्याच्या कामावरील अभियंता बीडन यांना मस्की येथे शिलालेख दिसला आणि 'देवानांपिय' म्हणजे सम्राट अशोकच, हे त्या लेखाने निश्चित झाले. जमिनीकडे लक्षपूर्वक पाहणाऱ्याला जमीन अगदीच रिकाम्या हाताने पाठवीत नाही.

मात्र नकाशाला दोन मर्यादा होत्या. पहिली राज्याच्या सीमेची. पावागडापलीकडे शिवराजपूरच्या परिसरात चांपानेरच्या प्राचीन खडकांत मँगनीजचा समृद्ध साठा होता. १९०६ च्या सुमारास तेथे खाणकाम सुरू झाले आणि खनिज वाहून नेण्यासाठी छोटी रेल्वे टाकली गेली. बडोद्याच्या आसपास भरभराटीला आलेला खाणीचा पट्टा म्हणावा तो हाच. पण तो गायकवाडांचा नव्हता. पंचमहाल शिंद्यांचा होता आणि १८६१ साली झांशीकडील मुलखाच्या बदल्यात शिंद्यांनी तो इंग्रजांना देऊन टाकला होता. डोंगर आणि महसूल यांचा हिशेब त्या अदलाबदलीत झाला असेल. त्यांच्या पोटातील मँगनीजचा विचार तेव्हा कोणाच्या मनातही असणे शक्य नव्हते.

दुसरी मर्यादा हातोडीची. कडी प्रांताचा जो गाळ फूट यांनी वरून पाहिला, त्याच्या खाली शेकडो मीटरवर खनिज तेल होते. १९५८ साली खंभातजवळ लुणेज येथे आणि १९६० मध्ये अंकलेश्वरला तेल लागले; पुढे कलोल, कडी, मेहसाणा ही जुन्या कडी प्रांतातील नावे तेलक्षेत्रे म्हणून देशभर झाली. १९६५ पासून बडोद्याच्या वेशीवर कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना उभा आहे. आपल्यापैकी अनेक कुटुंबांच्या दोन पिढ्या त्या आधारावर जगल्या. फूट यांच्या काळी हे पाहण्याचे साधनच नव्हते, त्यामुळे त्यांना दोष देता येत नाही. त्यांनी दिसले तेवढेच लिहिले, म्हणून नंतरच्यांना कोठे पाहावयाचे राहिले आहे, ते कळू शकले.

आज पूर्वेकडे आंबाडुंगरच्या परिसरात फ्लोरस्पारनंतर दुर्मीळ मृदा धातूंचा शोध चालला आहे. २०१५ पासून खनिजांचे पट्टे कायद्याने लिलावात दिले जातात आणि लिलावापूर्वी साठ्याची पाहणी व्हावी लागते. तत्त्व म्हणून हे योग्यच आहे. परंतु पाहणीचा अहवाल लिहिणाऱ्याला 'येथे काही नाही' असे लिहिण्याची मोकळीक आहे काय, आणि ज्यांच्या शेतांखाली व घरांखाली शोध घ्यावयाचा त्या राठवा-भिलांना ते आधी सांगितले जाते काय, हे प्रश्न शतकापूर्वीइतकेच जिवंत आहेत.

फूट १९१२ साली वारले. बडोद्यातील त्यांच्या वास्तव्याची आठवण आपल्या घरांत कोणी सांगत नाही. सोन्याच्या तोफांची मात्र अजून सांगितली जाते. तोफा दरबाराच्या वैभवाच्या होत्या. 'सोने नाही' हे दाखविणारा नकाशा राज्याच्या शहाणपणाचा होता, आणि आपण अभिमान धरावयाचा तर त्याचाही धरावा.